एमआरआयवरून मेंदूतल्या गाठीचा प्रकार ओळखण्याचा प्रोजेक्ट: गावाकडून शिकणाऱ्यांसाठी पहिल्या पायरीपासून

शेगाव, पुसद, बडनेरा, यवतमाळ, चंद्रपूर, कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजात जा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या यादीत ‘ब्रेन ट्यूमर डिटेक्शन’ सापडतंच. विषय मोलाचा आहे. अडचण अशी की बहुतेक गट तयार कोड उतरवून घेतात, ९९ टक्के अचूकता दाखवतात आणि ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून मोकळे होतात. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘टेस्टमधली चित्रं कोणत्या पेशंटची होती?’ एवढं विचारलं की कोणाकडेच उत्तर नसतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एसटीने ये-जा करत हाच प्रोजेक्ट केला. आता दरवर्षी जवळपासच्या पोरापोरींना त्यात मदत करते. घरी साधा लॅपटॉप, मोबाईलचं नेट आणि कधीही जाणारी लाईट, एवढ्यावर हे काम नीट होऊ शकतं. फक्त तीन प्रश्न सुरुवातीपासून हातात धरून ठेवा: चित्र कोणाचं आहे, ते कुठून आलं, आणि ही गाठ अमुक प्रकारची आहे हे कोणी ठरवलं.

१. कोड उघडण्याआधी गाठी पाहायला शिका

एमआरआयमध्ये एकाच डोक्याची वेगवेगळ्या पद्धतींनी चित्रं घेतात. या पद्धतींना सिक्वेन्स म्हणतात. टी-१ मध्ये पाणी काळं दिसतं आणि मेंदूची रचना चांगली कळते. टी-२ मध्ये पाणी पांढरं दिसतं. फ्लेअर हा टी-२ चाच भाऊबंद, पण त्यात मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी काळं केलेलं असतं, म्हणून गाठीभोवतीची सूज उठून दिसते. चौथा म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन घेतलेला टी-१. सेंटरवर सगळे त्याला नुसतं ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये बहुधा हाच असेल.

आता तीन प्रकार.

मेनिंजिओमा मेंदूच्या आत उगवत नाही, मेंदूवरच्या आवरणातून वाढतो आणि मेंदूला बाहेरून दाबतो. कडा स्पष्ट असतात. कॉन्ट्रास्ट दिला की बहुतेक वेळा सगळी गाठ एकसारखी उजळते, आणि तिच्या बुडाशी आवरणावर एक निमुळती पांढरी रेघ दिसते. तिला ड्युरल टेल म्हणतात.

ग्लायोमा मेंदूच्या स्वतःच्याच आधारपेशींतून येतो, म्हणून त्याची हद्द नीट सापडत नाही. त्यातला सगळ्यात आक्रमक ग्लायोब्लास्टोमा. मध्ये मेलेला काळा भाग, त्याभोवती जाड, वेडंवाकडं पांढरं कडं, आणि त्याबाहेर पसरलेली सूज. कधीकधी तो कॉर्पस कॅलोसम या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्यातून मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गेलेला दिसतो. याउलट कमी दर्जाचा, म्हणजे हळू वाढणारा ग्लायोमा कॉन्ट्रास्ट घेईलच असं नाही. फक्त कॉन्ट्रास्टच्या चित्रावर तो फिकट डागासारखा दिसतो आणि फ्लेअरवर स्पष्ट होतो. हे लक्षात ठेवा, तुमचं मॉडेल कुठे चुकतं ते शोधताना उपयोगी पडेल.

पिट्युटरीची गाठ जागेवरून ओळखायची. कवटीच्या तळाशी सेला नावाची खोबण असते, तिथे. वर वाढली की डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर कमी होते. निरोगी पिट्युटरीसुद्धा कॉन्ट्रास्ट घेते. त्यामुळे १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ उजळलेल्या ग्रंथीत उलट काळपट ठिपक्यासारखी दिसू शकते.

प्रत्येक प्रकारची दहा-बारा चित्रं नावं झाकून समोर ठेवा आणि स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. ओळखीतून मेडिकल कॉलेजातला रेडिओलॉजीचा एखादा रेसिडेंट डॉक्टर मिळाला तर त्याची एक दुपार मागून घ्या. एखाद्या कोर्सपेक्षा ही दुपार जास्त शिकवते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ग्लायोमाचं पक्कं नाव ठरवायला जनुकीय तपासणी लागते. आयडीएच जनुकात बदल आहे का, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे दोन्ही गळालेत का, यावर अॅस्ट्रोसायटोमा, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा की ग्लायोब्लास्टोमा हे ठरतं. एमआरआय अंदाज देतो, शिक्का पॅथॉलॉजी मारते. तुमच्या प्रोजेक्टच्या नावात ‘निदान’ हा शब्द घालू नका, ‘वर्गीकरण’ म्हणा.

२. काय काय लागेल

- ८ जीबी रॅमचा कुठलाही लॅपटॉप. ग्राफिक्स कार्ड विकत घेऊ नका.
- गुगल खातं (कोलॅबसाठी) आणि कॅगलचं खातं. दोन्हीकडे तुमचा कोड ब्राउझरमधून त्यांच्या मशिनवर चालतो. कॅगलवर मोबाईल नंबर पडताळून घेतल्याशिवाय जीपीयू, म्हणजे त्यांच्या मशिनमधलं ग्राफिक्स कार्ड, मिळत नाही.
- पायथॉनची जुजबी ओळख. लायब्ररी: पायटॉर्च, सायकिट-लर्न, एच-फाईव्ह-पाय.
- एमआरआय पाहायला आयटीके-स्नॅप किंवा थ्रीडी स्लायसर. दोन्ही फुकट.
- एक वही. कोणत्या दिवशी चित्रांच्या कोणत्या वाटणीवर (पाचवी पायरी पाहा) काय आकडा आला ते हाताने लिहायचं.

नेटबद्दल: डेटा लॅपटॉपवर उतरवू नका. कोलॅबमधूनच थेट कोलॅबवर ओढला तर तो गुगलच्या नेटने येतो, तुमच्या रोजच्या दीड जीबीतून जात नाही. कॅगलवर तर उतरवण्याचाही प्रश्न नाही, नोटबुकला डेटा जोडला की झालं.

लाईटबद्दल: कोलॅबचं फुकट सत्र तुम्ही नसलात की तुटतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर मॉडेल गुगल ड्राईव्हवर साठवायची ओळ कोडमध्ये असलीच पाहिजे. कॅगलवर ‘सेव्ह अँड रन ऑल’ दाबलं की ब्राउझर बंद झाला, लाईट गेली, तरी काम तिकडे चालू राहतं. भारनियमनाच्या गावात मला हा पर्याय जास्त भरवशाचा वाटतो.

३. डेटा निवडणं

तीन नावं तुमच्या कानावर येतील.

फिगशेअर या संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवरचा डेटा: चीनमधल्या ग्वांगझू आणि तियानजिन इथल्या दोन रुग्णालयांत २००५ ते २०१० या काळात घेतलेले कॉन्ट्रास्ट टी-१. २३३ पेशंट, ३०६४ स्लाइस (स्लाइस म्हणजे डोक्याच्या एकेका पातळ थराचं चित्र). त्यात मेनिंजिओमाच्या ७०८, ग्लायोमाच्या १४२६ आणि पिट्युटरीच्या ९३०. प्रत्येक फाईलमध्ये चित्र, प्रकाराचा आकडा, गाठीची रेखाटलेली हद्द, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पेशंटचा कोड. सुरुवात इथूनच करा.

कॅगलवरचा चार प्रकारांचा डेटा: सुमारे सात हजार चित्रं, नीट फोल्डरमध्ये लावलेली. म्हणून सगळे हाच उचलतात. तो तीन ठिकाणची चित्रं एकत्र करून बनवलेला आहे, फिगशेअरची चित्रंही त्यात आहेत, पण पेशंटचा कोड गळालेला. शिवाय ‘गाठ नाही’ या गटातली चित्रं वेगळ्याच संग्रहातून आलेली. त्यांची काटछाट आणि उजेड वेगळा असतो. मॉडेल गाठ न पाहता चित्र कोणत्या संग्रहातलं आहे एवढंच ओळखू लागतं आणि त्या गटात जवळजवळ पूर्ण गुण मिळवतं. कोड चालतो का हे तपासायला हा डेटा घ्या. निकाल सांगायला घेऊ नका.

ब्रॅट्स: २०१२ पासून चालणाऱ्या स्पर्धेचा डेटा. चारही सिक्वेन्स, कवटी काढलेली, सगळं एकाच मापात बसवलेलं. तो मुख्यतः ग्लायोमाच्या आत कोणता भाग मेलेला, कोणता सुजलेला, कोणता उजळलेला हे रेखाटायला आहे. मेनिंजिओमा की ग्लायोमा, या प्रश्नाला तो पहिल्या खेपेस उपयोगाचा नाही.

४. फाईल उघडताना

फिगशेअरच्या फाईली मॅटलॅबच्या नव्या साच्यात आहेत. सायपाय या पायथॉनच्या लायब्ररीने उघडायला गेलात तर त्रुटी येईल, एच-फाईव्ह-पाय वापरा. तसं उघडलं की चित्र आडवं-उभं उलटं झालेलं येतं, ते ट्रान्सपोज करून सरळ करा. पेशंटचा कोड अक्षरांऐवजी आकड्यांच्या रांगेत येतो, तो अक्षरांत बदलून घ्या. बहुतेक चित्रं ५१२ गुणिले ५१२ आहेत, थोडी २५६ चीही आहेत, म्हणून सगळी एका मापाला आणा.

सीटी स्कॅनमध्ये आकड्यांना ठरलेला अर्थ असतो, एमआरआयमध्ये नसतो. एका मशिनवरचा ५०० आणि दुसऱ्यावरचा ५०० यांचा मेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक चित्रातले सगळ्यात खालचे आणि वरचे एकेक टक्का आकडे छाटा, मग सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा.

चित्रं फिरवून-पालटून वाढवताना डावं-उजवं पालटलं तर चालतं. वरचं खाली करू नका. त्याने सेला कवटीच्या माथ्यावर जाईल.

५. वाटणी पेशंटनुसार

सगळा लेख सोडून एकच मुद्दा वाचायचा असेल तर हा वाचा.

२३३ पेशंटच्या ३०६४ स्लाइस म्हणजे एका पेशंटच्या सरासरी तेरा. एकाच डोक्याच्या शेजारशेजारच्या स्लाइस दिसायला जवळजवळ सारख्या असतात. तुम्ही सगळी चित्रं एकत्र मिसळून ८० टक्के ट्रेनिंगला (मॉडेल शिकवायला) आणि २० टक्के टेस्टला (ते तपासायला) दिलीत, तर एकाच माणसाची सातवी स्लाइस ट्रेनिंगमध्ये आणि आठवी टेस्टमध्ये जाते. मॉडेल गाठ ओळखत नाही, माणूस ओळखतं. एकाच बंडीतल्या कापसाचे दोन ढीग करून एकावरून दुसऱ्याची प्रत पारखावी, तसला हा प्रकार. ९९ टक्क्यांच्या पुष्कळ प्रोजेक्टचं मूळ इथे आहे.

करायचं असं:

आधी पेशंटच्या कोडांची यादी काढा, स्लाइसची नको. मग कोडच वाटा. सायकिट-लर्नमध्ये यासाठी ‘स्ट्रॅटिफाइड ग्रुप के-फोल्ड’ तयार आहे. त्यात ग्रुप म्हणून पेशंटचा कोड द्या. फिगशेअरच्या डेटासोबत पाच भागांच्या वाटणीची फाईलही मिळते, ती वापरली तर तुमचा निकाल इतरांच्या निकालाशी ताडता येतो. वाटणी झाल्यावर ट्रेनिंगच्या कोडांचा आणि टेस्टच्या कोडांचा सामाईक संच काढणारी एक ओळ लिहा. उत्तर रिकामं आलं पाहिजे. त्या ओळीचा स्क्रीनशॉट ब्लॅक बुकात लावा.

चित्रं वाढवण्याचं काम वाटणीनंतर, आणि फक्त ट्रेनिंगवर. आधी वाढवून नंतर वाटली तर तीच गळती दुसऱ्या दारातून येते. आणि मॉडेल कधी थांबवायचं, शिकण्याचा वेग किती ठेवायचा, हे टेस्टकडे पाहून ठरवू नका. त्यासाठी ट्रेनिंगमधलेच काही पेशंट वेगळे काढा.

नीट वाटणी केली की आकडा खाली येतो. घाबरू नका. गाईड सरांना किंवा मॅडमना दोन्ही वाटण्यांचे निकाल शेजारी ठेवून दाखवा. ‘सर, अशी वाटणी केली तर एवढे येतात आणि पेशंटनुसार केली तर एवढे,’ असं सांगितलं की कमी आकड्यावरून कोणी रागावत नाही. ती तुलनाच तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात भक्कम भाग ठरते.

६. मॉडेल

इथे फार वेळ घालवू नका. आधीच शिकवलेलं रेसनेट-१८ किंवा एफिशियंटनेट-बी० असं चित्रं ओळखणारं छोटं मॉडेल घ्या, शेवटचा थर तीन प्रकारांचा करा, आधी फक्त तो थर शिकवा, मग हळू वेगाने बाकीचे. दोनशे-तीनशे पेशंटवर अवाढव्य मॉडेल लावून हाती काही लागत नाही. चार मॉडेलांची तुलना करण्यापेक्षा एकच मॉडेल पाचही वाटण्यांवर चालवा.

७. आकडे वाचणं

काहीही न शिकता प्रत्येक चित्राला ग्लायोमा म्हणणारं मॉडेलही या डेटावर ४६.५ टक्के बरोबर येतं. म्हणून एकट्या अचूकतेवर थांबू नका. कोणाला काय समजलं याचा तक्ता काढा आणि प्रत्येक प्रकारात खऱ्यांपैकी किती सापडले ते वेगळं लिहा. मेनिंजिओमा आणि ग्लायोमा यांच्यातली गल्लत सगळ्यात आधी पाहा.

निकाल स्लाइसवर आणि पेशंटवर, दोन्ही प्रकारे द्या. एका पेशंटच्या सगळ्या स्लाइसच्या संभाव्यतांची सरासरी घेतली की पेशंटचा निकाल मिळतो. डॉक्टरांना तोच समजतो. पिट्युटरीचे पेशंट सगळे मिळून ६२ आहेत, पाच भाग केले की प्रत्येक टेस्टमध्ये बाराच्या आसपास. एक पेशंट चुकला की त्या प्रकारात आठ टक्के उतरतात. म्हणून पाच वाटण्यांची सरासरी आणि तिच्यातली वरखाली दोन्ही छापा.

मग ग्रॅड-कॅम काढा. मॉडेलने चित्राच्या कुठल्या भागावरून उत्तर दिलं ते रंगांत दिसतं. फिगशेअरमध्ये गाठीची हद्द दिलेलीच आहे, ती रंगांवर ठेवून पाहा. उत्तर बरोबर आणि रंग मात्र कवटीच्या कडेवर, अशी चित्रं सापडली तर ती लपवू नका, पुस्तकात लावा.

८. आपल्याकडची गाठ या यादीत नसू शकते

फिट आली, एमआरआय काढला, कॉन्ट्रास्टवर गोल पांढरं कडं दिसलं. आपल्या भागात याचा अर्थ ग्लायोब्लास्टोमाच असेल असं नाही. मेंदूतली क्षयाची गाठ, म्हणजे ट्युबरक्युलोमा, तशीच दिसू शकते. न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणं, तेही तसंच दिसतं. अंडी मिसळलेल्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून ती पोटात जातात, म्हणून मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. मेंदूतला पू आणि दुसरीकडचा कॅन्सर मेंदूत पसरलेला, हेही कडं दाखवतात.

रेडिओलॉजिस्ट इथे बाकीचे धागे जोडतात. अळीचं डोकं बारीक ठिपक्यासारखं दिसतं का, गाठीचा मधला भाग टी-२ वर काळपट आहे का, स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं दाखवणाऱ्या एमआरआय तपासणीत) चरबीचा उंचवटा येतो का, छातीच्या एक्स-रेत काय आहे, घरात कोणाला टीबी होता का. तुमच्या मॉडेलला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला तीनच नावं शिकवलीत, म्हणून क्षयाच्या गाठीलाही ते त्या तिघांतलंच एक नाव देईल, आणि तेही ९० टक्के खात्रीने. औषधांनी बरा होऊ शकणारा आजार आणि मेंदूचा कॅन्सर यांत ही गल्लत होते. तुमच्या पुस्तकात ‘मर्यादा’ या मथळ्याखाली हे पहिलं वाक्य असू द्या.

९. स्थानिक हॉस्पिटलचे एमआरआय हवे असतील तर

सेवाग्राम, सावंगी मेघे, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, अकोला, यवतमाळ. आपल्या भागात शिकवणारी रुग्णालयं आहेत आणि तिथले डॉक्टर अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. पण दाराने जा. सेंटरवरच्या ओळखीच्या टेक्निशियनकडून पेनड्राईव्हवर चित्रं आणणं हा पेशंटचा विश्वासघात आहे आणि त्या टेक्निशियनची नोकरी धोक्यात घालणं आहे.

लागणारी कागदपत्रं:

- कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांचं पत्र
- दोन-तीन पानांचा प्रस्ताव: किती चित्रं, कशासाठी, कुठे साठवणार, कधी पुसणार
- रुग्णालयातल्या एका डॉक्टरांची सह-मार्गदर्शक म्हणून लेखी संमती
- संस्थेच्या नैतिकता समितीचा अर्ज. जुन्या, नावं काढलेल्या चित्रांसाठी पेशंटची संमती लागेल की सूट मिळेल हे ती समितीच ठरवते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि एआयसाठीची २०२३ ची, दोन्ही वाचून जा.
- नावं कशी काढणार याचं टिपण

शेवटच्या मुद्द्यात लोक अडकतात. एमआरआय मशिनमधून चित्रं ज्या डायकॉम फाईलमध्ये येतात, तिच्या आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, नंबर, रुग्णालय, डॉक्टर, सगळं लिहिलेलं असतं. फाईलचं नाव बदलल्याने ते जात नाही. काही चित्रांत नाव थेट चित्रावरच छापलेलं असतं. आणि पूर्ण डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग काढून टाकावा लागतो. हे काम रुग्णालयातच व्हावं, चित्रं तुमच्या हातात त्यानंतर यावीत. प्रकाराचं लेबल मात्र बायोप्सीच्या रिपोर्टवरून मागा, एमआरआयच्या रिपोर्टवरून नको.

समितीच्या बैठका रोज होत नाहीत. सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. मंजुरी उशिरा आली तर फिगशेअरवर प्रोजेक्ट पूर्ण करा आणि स्थानिक चित्रं पुढच्या बॅचला सोपवा.

१०. गावातलं कोणी फिल्म घेऊन आलं तर

येतातच. गावात कळतं की ही पोरगी डोक्याच्या फोटोवर काम करते. शेजारचे काका पिशवीतून मोठा काळा लिफाफा काढून म्हणतात, ‘बाई, तुया कॉम्प्युटरवर टाकून पाय ना, कोन्ती गाठ हाये थे.’ टाकू नका. फिल्मचा मोबाईलने काढलेला फोटो तुमच्या मॉडेलने कधी पाहिलेला नाही. आणि तुमच्या तोंडून ‘मेनिंजिओमा वाटतो’ असं निघालं की घरचे पुढची तपासणी लांबवतात, किंवा ‘ग्लायोमा’ ऐकून आशा सोडतात.

त्यांना खरी मदत करता येते. रिपोर्टवर कॉन्ट्रास्ट दिला होता का ते पाहून सांगा. फिल्मसोबत सीडीही मागून घ्यायला सांगा, कारण मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांना तीच हवी असते. आधीचे सगळे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, फिट आल्या त्या तारखा एका फाईलमध्ये लावून द्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायला सांगा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटायचं. उलट्या, वाढती डोकेदुखी, नजर कमी होणं, गुंगी यातलं काही असेल तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नये, त्याच दिवशी निघावं.

११. ब्लॅक बुक आणि व्हायवा

पहिल्या प्रकरणात डेटाचा तक्ता द्या: किती पेशंट, किती स्लाइस, कुठलं रुग्णालय, कोणता सिक्वेन्स, लेबल कशावरून. वाटणीचं प्रकरण वेगळं ठेवा. चुकलेल्या पेशंटची चित्रं एका पानावर लावा आणि प्रत्येकाखाली तुम्हाला वाटणारं कारण एका ओळीत लिहा.

व्हायवात हमखास येणारे प्रश्न: टेस्टमधला एखादा पेशंट ट्रेनिंगमध्ये होता का? दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशिनऐवजी तीन टेस्लाच्या मशिनवरची चित्रं दिली तर काय होईल? तुमच्या तीन प्रकारांपलीकडची गाठ आली तर मॉडेल काय करेल? पहिल्याला सामाईक संचाचा स्क्रीनशॉट दाखवा. दुसऱ्याला ‘दुसऱ्या मशिनवर तपासलेलं नाही, म्हणून दावा करत नाही’ असं स्पष्ट सांगा. तिसऱ्यासाठी आठवी पायरी पुन्हा वाचून जा, आणि जमलं तर मॉडेलला खात्री नसेल तेव्हा ‘डॉक्टरांना दाखवा’ असं उत्तर देणारी अट कोडमध्ये घाला, पण ट्युबरक्युलोमाला ती पकडेलच असं म्हणू नका.